डोक्याच्या वर फवारताना : ऑर्गनोफॉस्फेटचा मागचा इतिहास

मंडळी, थंडी पडून कलमांना मोहोर दिसायला लागला की नाटे-जैतापूर पट्ट्यात फवारणीचे पंप सुरू होतात. तुडतुड्यांवर मारतो त्याला आपण सरळ 'औषध' म्हणतो. त्यातलं ऑर्गनोफॉस्फेट कुठून आलं, ते बघा.

१९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत होता. हाती लागला 'टॅबून' हा विषारी पदार्थ. थोडासा सांडला, तर त्याच्या नि मदतनिसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, श्वास अडकायला लागला. टॅबून लष्कराने उचललं. त्याच कुळातलं पॅराथिऑन शेतात आलं. मज्जातंतूंचं काम सुरळीत ठेवणारं कोलिनेस्टरेज किड्यातही असतं, माणसातही. हे विष तेच बंद पाडतं.

१९५८ मध्ये केरळात धान्याच्या पिठाबरोबर जहाजातून फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन, आलं. ते पिठात मिसळलं आणि शंभरावर माणसं दगावली. त्यावर चौकशी आयोग बसला आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण त्याच कायद्याच्या नियमांतून आला. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बागेतल्या नेपाळी गड्याला लेबल वाचता आलं नाही, तरी त्रिकोण दाखवता येतो.

कायदा असूनही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस अशा औषधांची मिश्रणं मारली जात होती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर आणि तोंडावर येत होता.

आता आपल्या हापूसकडे बघा. यवतमाळला जे एका वर्षी घडलं, ते आपल्याकडे दरवर्षीचं आहे. आपण कायम डोक्याच्या वरच फवारतो. थेंब खाली येतात ते मानेवर, पाठीवर. हे विष पोटातूनच जातं असं नाही, कातडीतूनही जातं. ओला सदरा अंगावर वाळवणं म्हणजे दिवसभर विष पांघरणं.

म्हणून पूर्ण बाह्या, टोपी, चष्मा, मास्क, रबरी हातमोजे. वाऱ्याकडे पाठ. दोन औषधं मनाने मिसळायची नाहीत. नोझल तोंडाने फुंकायचं नाही. काम झालं की साबणाने अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. मांगरातल्या रिकाम्या बाटलीत पाणी, तेल भरायचं नाही.

फार घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं, धाप लागणं, यातलं काही दिसलं तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा. उलटी मुद्दाम करवू नका. बाटली सोबत न्या. कोणतं विष आहे ते डॉक्टरांना लेबलावरून लवकर कळतं.

पंप धरणाऱ्या गड्याला हे वाचून दाखवा. विष त्याच्याच अंगावर पडतंय.