तीनशें पंधराची बंदूक : देवळाली प्रवरा येथील एका परवान्यावरून

गेल्या चातुर्मासांत देवळाली प्रवरा येथील एका जुन्या घरचा रुमाल पाहण्याचा योग आला. बोलावणें आलें होतें तें पोथ्यांसाठीं. रुमालांत विष्णुसहस्रनामाची एक सुवाच्य प्रत, एक खंडित मुहूर्तग्रंथ, कांहीं पंचांगें व जमीनमहसुलाच्या पावत्या निघाल्या. आणि अगदीं तळाशीं कापडी बांधणीचें, शिक्क्यांनीं भरलेलें बंदुकीच्या परवान्याचें एक पुस्तक, एक छायाचित्र व एक पितळी पुंगळी. पोथ्या जपून ठेवा, हें आम्हीं सांगण्यापूर्वींच घरधन्यांनीं मान्य केलें. परंतु परवाना व पुंगळी हीं पुढील आठवड्यांत चुलींत आणि भंगारांत जावयाचीं होतीं.

कारण विचारतां त्यांनीं कांहीं संकोचानें सांगितलें तें असें. त्यांच्या आजोबांपाशीं ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफल होती. ती त्यांनीं देवळालीच्या लष्करी छावणींतून एका गोऱ्या शिपायाकडून गुपचुप विकत घेतली, म्हणजे ती सरकारची चोरलेली बंदूक होती, अशी कुजबुज गांवांत दोन पिढ्या चालत आली आहे. २०१९ च्या दुरुस्ती-कायद्यानें एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली व अधिकाच्या जमा करण्यास एक वर्षाची मुदत दिली. त्या वेळीं ती रायफल घरांतून गेली. बंदूक गेली, आतां तिचा कलंकही जाऊं द्यावा, एवढाच त्यांचा हेतु. ही कुजबुज खरी कीं खोटी, हें त्याच कागदांवरून ठरवितां येतें, असें आम्हांस वाटलें; त्या विचाराचें फळ वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम स्थळाचा विचार. देवळाली नांवाचीं दोन गांवें आहेत. एक नाशिकजवळील, तेथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लष्कराची छावणी, आणि विलायतेस परतणारे गोरे सोल्जर तेथेंच आगबोटीची वाट पाहत पडून राहत. तेथील उन्हानें व कंटाळ्यानें डोकें फिरलेल्या माणसास इंग्रजींत ‘डुलाली’ म्हणूं लागले, तो शब्द ह्याच गांवाचा अपभ्रंश होय. दुसरी आमची देवळाली, राहुरी तालुक्यांतील, प्रवरेच्या खोऱ्यांतील. नांवापुढें ‘प्रवरा’ लावण्याचा उपयोग येथेंच कळतो. परवान्यावर नुसतें ‘देवळाली’ एवढेंच लिहिलेलें आहे, पण तालुका राहुरी व जिल्हा अहमदनगर हे रकाने स्पष्ट भरलेले आहेत. गांव व बंदूक हे दोन शब्द एकत्र आले कीं ऐकणाऱ्याचें मन आपोआप छावणीकडे धांवतें. कुजबुजीचा उगम बहुतेक ह्याच नामसादृश्यांत असावा. जुनीं कागदपत्रें वाचणारांस हा दोष नवा नाहीं.

आतां मुख्य गोष्ट, ती अंकांची. परवान्यांत बंदुकीच्या वर्णनापुढें ३१५ असा आंकडा आहे. घरांत सर्वांच्या तोंडीं तीनशेंतीन होतें. म्हणून हा आंकडा लेखनदोष समजून कोणीं लक्षांतच घेतला नव्हता. वस्तुतः सारा निर्णय ह्या आंकड्यांत आहे.

बंदुकींचे आंकडे दोन रीतींचे असतात. ‘बारा बोअर’ म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असतां त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती नळी. ह्या गुळगुळीत नळीच्या बंदुका, छर्ऱ्यांसाठीं. आटेदार नळीच्या रायफलींस मात्र इंचाच्या हजारांशांचें माप लावितात. ३०३ म्हणजे एक इंचाचे हजार भाग कल्पून त्यांपैकीं ३०३, आणि ३१५ म्हणजे आठ मिलिमीटर. बारा कीं तीनशें पंधरा, असा प्रश्न कोणी केल्यास दुसरी पंचवीसपट मोठी असें समजूं नये. आमच्या एका विद्यार्थ्यानें एकदां तसें उत्तर दिलें होतें.

३०३ हें इंग्रजी सैन्याचें काडतूस १८८८ सालीं ली-मेटफर्ड रायफलीबरोबर आलें; १८९५ पासून ली-एन्फील्डनें तेंच पुढें चालविलें. सैन्याचें काडतूस जींत चालेल अशी बंदूक हिंदी प्रजेच्या हातीं देणें सरकारास धोक्याचें वाटे. बंदूक चोरणें कठीण, पण काडतुसें खिशांतून जातात. ज्याच्या घरीं त्याच मापाची बंदूक आहे त्याच्या घरीं तीं खपतात. १८५७ नंतर सरकारची ही भीति कधींच पूर्ण गेली नाहीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवाना आवश्यक झाला. १९०७ मध्यें ४५० मापाच्या काडतुसांच्या आयातीस बंदी झाली, कारण त्यांतील गोळ्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या कामीं येतील अशी शंका होती. त्या बंदीमुळें विलायती कारखानदारांनीं ४६५, ४७० अशीं नवींच मापें काढलीं. म्हणजे वाघाच्या शिकारीचीं मोठालीं मापें सुद्धां कलकत्त्याच्या सरकारी धास्तीनें ठरविलीं!

३१५ चा जन्म ह्याच धोरणाच्या छायेंत झाला. ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचें आठ मिलिमीटरचें कंगणीदार काडतूस घेऊन तें इंग्रजी ली जातीच्या यंत्रांत बसविलें, बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्यानें अशा शिकारी रायफली हिंदुस्थानासाठीं केल्या. यंत्र तेंच, बोल्ट तोच, चाप तोच. फक्त नळी व काडतूस निराळें. सैन्याचें काडतूस तींत चालत नाहीं, आणि तिचें काडतूस सैन्याच्या रायफलींत जात नाहीं. दिसण्यांत सारखी, कायद्यांत वेगळी. गांवकऱ्यांनीं पोलिसांच्या खांद्यावरील तीनशेंतीन पाहिलेली, म्हणून तशाच बोल्टच्या प्रत्येक रायफलीस तेंच नांव पडलें, ह्यांत नवल नाहीं.

मग मध्यम ऐपतीच्या माणसानें हीच कां घेतली? येथें थोडें थांबणें अवश्य आहे, कारण निवड मुद्दाम केलेली असेल तर लपवाछपवीचा तर्क आणखी दुबळा होतो. परवाना १९३४ चा. त्या काळीं अशा गृहस्थापुढें पुढील मार्ग होते. ठासणीची बंदूक सर्वांत स्वस्त, परंतु एक बार काढल्यावर पुन्हा दारू ठासीपर्यंत डुकराचा कळप उसाच्या पलीकडे. बारा बोअरची दुनळी सर्वांत उपयोगी, आणि रानडुकरांच्या हांक्यांत तीच शहाणपणाची, कारण छर्रा दूर जात नाहीं व समोर हांकारे असतात. भंडारदऱ्याचें धरण १९१० ते १९२६ ह्या अवधींत झालें, प्रवरेचे कालवे वाहूं लागले, ऊस वाढला. उसाबरोबर डुकरांस निवारा मिळाला. पण माळावरचें काळवीट दीडशें पावलांच्या आंत माणसास येऊं देत नाहीं, आणि तेथें छर्रा व्यर्थ. त्याला आटेदार नळीच पाहिजे.

रायफलींत दुनळी रायफल ही राजेरजवाड्यांची व साहेबांची. दोन नळ्या एका बिंदूवर जुळविण्याचें काम हातानें करावें लागे, म्हणून तिची किंमत बोल्टच्या रायफलीच्या अनेकपट. उरली बोल्टची. तींत जर्मन मौझर ही गुणांनीं श्रेष्ठ, असें आमचें मत आहे. तिच्या बोल्टाचीं दोन कडीं पुढें, काडतुसाच्या अगदीं मागें, अडकतात. त्यामुळें जोरदार काडतुसांचा दाब ती निर्धास्त सोसते. लीचीं कडीं मागें असल्यानें ती तितका दाब सोसत नाहीं, पण तिचा बोल्ट फार त्वरेनें चालतो आणि धूळ-चिखलास ती दाद देत नाहीं. जिम कॉर्बेट यांस चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्यें जी रायफल बक्षीस मिळाली ती रिग्बी कारखान्याची, मौझर यंत्राची, २७५ मापाची होती. हलक्या बोल्टच्या रायफलीनें काय साधतें ह्याचें तें प्रसिद्ध उदाहरण होय.

तथापि बंदूक एकदां घ्यावयाची, काडतुसें दरवर्षीं. मौझरच्या काडतुसांसाठीं परदेशाकडे डोळे लावावे लागत. १९१४ मध्यें जर्मनीचा माल बंद झाला तेव्हां हा अनुभव लोकांस आलाच होता, आणि १९३९ मध्यें तो पुन्हा यावयाचा होता. हुंडणावळीचाही विचार हवा : १९२७ पूर्वीं पौंडास १५ रुपये धरीत, त्या वर्षींच्या कायद्यानें तो भाव १३ रुपये ५ आणे ४ पै झाला. जुन्या विलायती किंमतपत्रकांवरून रुपयांचा हिशेब करणारांनीं हें साल ध्यानांत ठेवावें. किंमत बेताची, माप सरकारास मान्य, काळविटास व डुकरास जोर पुरेसा; गवा आमच्या माळांवर नाहींच. अशा स्थितींत ३१५ घेणारा गृहस्थ हिशेबी होता, एवढेंच म्हणतां येतें.

एक आक्षेप स्वतःच घेतों. छायाचित्रांत रायफलीचें लांकूड नळीच्या अर्ध्यावर संपतें. सैन्याच्या रायफलीचें लांकूड तोंडापर्यंत जातें, म्हणून ही शिकारी जात, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु चोरीच्या रायफलीचें लांकूड कापून तिला शिकारी रूप देणें कोणत्याही सुतारास साध्य आहे. तेव्हां छायाचित्र प्रमाण नव्हे. परवान्यांतील आंकडाही एकटा पुरेसा नव्हे. लिहवून घेणाराच खोटें सांगूं शकतो. येथें पुंगळी कामास येते. तिच्या बुडावर, जेथें टोपी असते तिच्याभोंवतीं, ‘८ एम. एम.’ आणि ‘के. एफ.’ अशीं इंग्रजी अक्षरें ठसलेलीं आहेत. के. एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी. पुण्याजवळील खडकीचा हा काडतुसांचा कारखाना १८६९ चा. आठ मिलिमीटर म्हणजे तेंच ३१५. टोपीवर चापाच्या सुईची खूण आहे, म्हणजे तें काडतूस कोणत्या तरी नळींतून उडालेलें आहे. आणि तीनशेंतीनच्या नळींत तें बसतच नाहीं. कागद, चित्र व धातु ह्या तिघांची साक्ष एकत्र घेतली म्हणजे घरांत होती ती ३१५, परवान्याची, हें सिद्ध होतें.

स्वातंत्र्यानंतर हेंच माप सरकारी कारखान्यांनीं खाजगी परवानेदारांसाठीं चालू ठेविलें. हुगळीकांठच्या ईशापूरास १७८७ सालीं दारूचा कारखाना निघाला व १९०४ मध्यें तेथेंच रायफलींचा. तेथून ३१५ शिकारी रायफली बाहेर पडल्या. परक्यांच्या शंकेंतून निघालेलें माप स्वकीयांच्या अमदानींत रूढ झालें, ही गोष्ट मनोरंजक आहे. शिकार मात्र संपली. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी-कायदा, मग १९७२ चा अखिल भारतीय कायदा. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० मध्यें अभयारण्य झालें. परवान्यावरील नूतनीकरणाचे शिक्के पुढेंही चालू आहेत, पण काडतूस-खरेदीच्या नोंदी १९७१ नंतर नाहींत.

जातां जातां एक. घरधन्यांनीं विचारलें कीं, शुक्रनीतींत बंदूक आहे, हें खरें काय? आहे. लघुनालिकाचें वर्णन तेथें येतें : पांच वितींची नळी, बुडाशीं तिरपें छिद्र, मुळाशीं व टोंकाशीं नेम धरण्यास तिळाएवढे बिंदु, दारूस पांच भाग सोरा, एक गंधक, एक कोळसा. परंतु हा ग्रंथ ज्या रूपांत आपणांस मिळतो तें रूप फार अर्वाचीन आहे, असें अनेक संशोधकांनीं दाखविलें आहे. त्यावरून प्राचीन आर्यांपाशीं बंदुका होत्या असें म्हणूं नये. त्यांस हें थोडें कटु वाटलें. आजोबांवरील आळ गेला ह्या आनंदांत तें त्यांनीं सोडून दिलें.

परवाना व छायाचित्र यांच्या नकला आम्हीं घेतल्या आहेत. मूळ कागद विष्णुसहस्रनामाच्या रुमालांतच परत बांधून ठेविले. पुंगळी घरच्या आजीबाईंनीं मागून घेतली. सुया ठेवण्यास ती त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासूनच वापरांत होती, असें तेव्हां कळलें.