कॅक्टसला ऊन किती द्यायचं? फोनच्या लाइट सेन्सरने मोजून बघा

मिरजेच्या घराच्या गच्चीवर आजीने लावलेला एक गोल कॅक्टस होता. एकिनॉप्सिस जातीचा, रात्री मोठं पांढरं फूल उमलणारा. आजी गेल्यावर ते घर विकायचं ठरलं, तेव्हा मी त्याचं लिंबाएवढं एक पिल्लू पुण्याला फ्लॅटवर आणलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं. वर्षभरात ते दुप्पट उंच झालं, म्हणून मी खूश. मग एकदा आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "अरे, हा असा काकडीसारखा का झालाय?"

आईचं बरोबर होतं. कॅक्टस वाढत नव्हता, उजेड शोधत ताणला जात होता. उजेड कमी पडला की कॅक्टसचं नवीन खोड बारीक, फिकट हिरवं आणि टोकदार येतं, काटे लहान आणि विरळ होतात. याला उंची समजू नका. आणि वाईट गोष्ट म्हणजे बारीक झालेला भाग नंतर कितीही ऊन दिलं तरी पुन्हा जाड होत नाही.

पण माझ्या खोलीत तर भरपूर उजेड होता! निदान डोळ्यांना तरी तसं वाटत होतं.

डोळे इथे चुकतात

आपले डोळे उजेडाशी इतके पटकन जुळवून घेतात की शंभर पट फरकसुद्धा "थोडं कमी-जास्त" वाटतो. उजेड मोजायचं एकक आहे लक्स. भर दुपारचं उघड्यावरचं ऊन साधारण १ लाख लक्स असतं. स्वच्छ दिवशी बाहेर सावलीत १० ते २० हजार. आणि ट्यूबलाइट लावलेलं आपलं ऑफिस? ३०० ते ५००. माझ्या टेबलावर दुपारी बाराला आकडा आला ४२०. गच्चीवर वाढलेल्या झाडाच्या पिल्लाला मी ऑफिसच्या उजेडात बसवलं होतं.

फोनने कसं मोजायचं

फोनच्या वरच्या बाजूला, सेल्फी कॅमेऱ्याजवळ, एक छोटा लाइट सेन्सर असतो. ऑटो ब्राइटनेस त्याच्यावरच चालतो. अँड्रॉइडमध्ये हा आकडा कुठल्याही ॲपला थेट वाचता येतो. मी फायफॉक्स वापरतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि रीडिंग एक्सेलमध्ये काढता येतात. आयफोनमध्ये ॲपल हा सेन्सर बाहेरच्या ॲपना वाचू देत नाही, म्हणून तिथली लक्स मीटर ॲप कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. तुलनेला तेही चालतं.

मोजताना फोन कुंडीच्या जागी, स्क्रीन उजेडाकडे करून धरा. थोडा तिरका झाला तरी आकडा बदलतो. कव्हर किंवा स्क्रीन गार्ड सेन्सरवर येत नाही ना, तेवढं बघा. दोन फोनांचे आकडे जुळतीलच असं नाही, त्यामुळे एकाच फोनने घरातल्या जागांची तुलना करा. आणि फोन तासभर उन्हात ठेवून देऊ नका, तापतो. सकाळी आठपासून दर दोन तासांनी अर्धा मिनिट पुरे.

एका रविवारी मी हे केलं. खिडकीच्या कठड्यावर, थेट ऊन असताना ३८ हजार. तिथून फक्त तीन फूट आत १,६००. मच्छरदाणीची जाळी लावल्यावर कठड्यावरचं जवळपास एक तृतीयांश ऊन गायब. आकडा बघून मी जाळी उघडून परत मोजलं, विश्वासच बसेना.

माझा ठोकताळा असा: दिवसात चार-पाच तास थेट ऊन मिळत असेल तर वाळवंटी कॅक्टस खूश. दिवसभरात आकडा एकदाही ५ हजारांच्या वर जात नसेल तर तो लांबणार, आज नाही तर सहा महिन्यांनी.

दक्षिणेची खिडकी: नेटवरचा सल्ला इथे फसतो

इंग्रजी लेखांत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, कॅक्टस दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. लंडनसाठी ते बरोबर आहे, तिथे जूनच्या दुपारीही सूर्य दक्षिणेलाच असतो. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे मे-जूनमध्ये दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही, त्यात वर छज्जा असला तर विषय संपला. उलट डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, आणि त्याच खिडकीतून ऊन पार खोलीत येतं.

म्हणून आपल्याकडे मला पूर्वेची खिडकी सगळ्यात भरवशाची वाटते. वर्षभर सकाळचं ऊन, तेही फार न तापलेलं. पश्चिमेची चालते, पण एप्रिल-मेची दुपार सांभाळा. खिडकीची दिशा फोनच्या कंपासने बघून घ्या. "सूर्य इकडून उगवतो बहुतेक" यावर माझा रूममेट दोन वर्षं चुकीच्या खिडकीला पूर्व म्हणत होता.

एकदम उन्हात ठेवू नका

आईचा फोन ठेवला आणि मी घाईत ते पिल्लू थेट टेरेसवर नेलं. एप्रिल महिना. चार दिवसांत एका बाजूला पांढुरका-पिवळा डाग पडला, नंतर तो बुचासारखा तपकिरी आणि कडक झाला. तो आजही आहे, जाणारही नाही. सावलीत वाढलेली साल उन्हासाठी तयार नसते. पहिल्या आठवड्यात सकाळचं तासभर ऊन, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत दोन-तीन आठवडे घ्या. झाड किंचित लालसर झालं तर वेग कमी करा.

सगळे कॅक्टस उन्हाचे नाहीत. नर्सरीत मिळतो तो लाल किंवा पिवळ्या टोपीचा मून कॅक्टस म्हणजे दोन झाडांचं कलम. वरच्या रंगीत भागात हरितद्रव्य नसतं, खालचं हिरवं खोड त्याला पोसतं. त्याला भरपूर उजेड हवा, पण दुपारचं कडक ऊन नको. ख्रिसमस कॅक्टस तर ब्राझीलच्या जंगलात झाडांवर वाढणारा, त्याला खिडकीजवळची सावलीच बरी.

एलईडी दिव्याखाली लक्सचा आकडा मोठा दिसला तर लगेच खूश होऊ नका. लक्स माणसाच्या डोळ्यांच्या हिशोबाने मोजतात, झाडाच्या नाही. उन्हाचा आकडा आणि दिव्याचा आकडा एकास एक धरता येत नाही.

पावसाळ्यात माझ्या कठड्यावर आकडा कित्येक दिवस ४ हजारांच्या पुढे गेला नाही. अशा वेळी पाणी जवळजवळ बंद करायचं. कमी उजेड आणि ओली माती एकत्र आली की लांबणं परवडलं, मुळं कुजतात.

काकडी झालेला भाग मी ऑक्टोबरमध्ये कापला. वरचं टोक आठ-दहा दिवस सावलीत सुकू दिलं, मग कोरड्या, रेताड मातीत लावलं. त्याला मुळं फुटली. खालच्या बुंध्यालाही कापाच्या जवळ तीन नवीन पिल्लं आलीत, आणि ती गोल आहेत. त्यातलं एक आईला पाठवायचंय, तिच्या गॅलरीचे आकडे मागवलेत.