पूर्ण कोर्ट

खानदेशात मुलींचा खेळ म्हटला की खो-खो आणि कबड्डी. बास्केटबॉलला खांब लागतात, रिंगा लागतात, चेंडू महाग पडतो. आमच्या घरात हा खेळ आला तो आत्यामुळे. आधी खेळाडू आणि पुढे कॉलेजची क्रीडा संचालक म्हणून तिने तो जन्मभर धरून ठेवला. आम्हा भाचरांना राजाराणीच्या गोष्टी तिने फारशा सांगितल्या नाहीत; सामन्यांच्या मात्र पुष्कळ सांगितल्या.

तिच्या वेळचं जळगावातलं कोर्ट मुरमाचं. दुपार कलली की त्यावर पाणी मारायचं, मुरूम दबला की चुन्याच्या फक्कीने रेषा आखायच्या. अशा जमिनीवर टप्पा मारलेला चेंडू हाताशी येईल की खड्याला लागून भलतीकडे जाईल, याचा भरवसा नसे. म्हणून या मुली ड्रिबल कमी करायच्या आणि पास जास्त द्यायच्या. संघातल्या बहुतेकजणी खो-खोतून आलेल्या. खांबाला वळसा घालून अंग झोकून देणाऱ्या मुलीला बचावात कसं उभं राहायचं, हे शिकवावं लागत नाही, असं आत्या आजही ठासून सांगते. पुढे स्वतः संघ निवडायची वेळ आली तेव्हाही ती आधी खो-खोच्या मैदानावर जाऊन उभी राहायची.

बायकांच्या बास्केटबॉलचा जुना इतिहास मी तिला वाचून दाखवला तेव्हा ती चकित झाली. जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला हा खेळ काढला. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. पण मुलींना इतकं धावणं सोसणार नाही या समजुतीच्या काळात कोर्टाचे तीन भाग पाडले गेले. आपल्या भागाबाहेर पाऊल टाकायचं नाही, समोरचीच्या हातातून चेंडू हिसकायचा नाही. १८९३ मधल्या तिथल्या सामन्याला पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. अमेरिकेत कित्येक शाळांतून मुली पुढेही अनेक दशकं अर्ध्याच कोर्टात खेळत राहिल्या.

आत्या म्हणाली, "आम्हाला पूर्ण कोर्ट पहिल्या दिवसापासून मिळालं रे. अडवणूक होती ती कोर्टाच्या बाहेर."

ते खरंच होतं. १९९० पर्यंत खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. विद्यापीठाच्या संघात यायचं तर निवड चाचणीला पुणं गाठायचं, म्हणजे एसटीचा रात्रभराचा प्रवास. आजोबांनी आधी साफ नकार दिला. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी, धाकटा भाऊ बरोबर जाईल, या अटीवर त्यांनी होकार भरला. तो धाकटा भाऊ म्हणजे माझे वडील. बास्केटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण बहिणीची पिशवी मांडीवर घेऊन ते पुण्याच्या मैदानाच्या कडेला दिवसभर बसून राहिले. ही गोष्ट आत्या सांगते आणि वडील दर वेळी विषय बदलतात.

यावरून मला अमेरिकी बास्केटबॉल प्रशिक्षक पॅट समिट आठवते. ती १९५२ ची, आत्याच्याच वयाची, टेनेसीतल्या शेतकऱ्याची मुलगी. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता म्हणून तिच्या वडिलांनी बिऱ्हाडच हलवलं, जिथे संघ होता तिथे. १९७४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ती टेनेसी विद्यापीठाच्या मुलींची प्रशिक्षक झाली. पगार महिना अडीचशे डॉलर. संघाची गाडी तीच चालवायची, खेळाचे कपडेही तीच धुवायची. १९७६ मध्ये माँट्रियलला महिलांचा बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला, तेव्हा रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात ती खेळली. १९८४ मध्ये तिच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकेने सुवर्ण जिंकलं.

पदकं सोडली तर बाकीचं सगळं आत्याला ओळखीचं. शारीरिक शिक्षणाचं शिक्षण तिने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात घेतलं आणि नोकरीला परत खानदेशात आली. आपल्याकडे कॉलेजात एका खेळाचा वेगळा प्रशिक्षक नसतो. क्रीडा संचालकाने कबड्डीही बघायची, ॲथलेटिक्सही, आणि पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तालीमही. बास्केटबॉलसाठी उरायची ती सकाळची वेळ. खानदेशच्या उन्हाळ्यात नऊ वाजता मैदान सोडावंच लागतं, म्हणून ती पोरींना साडेपाचला बोलवायची आणि त्यांच्या आधी स्वतः पोचायची.

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, ज्याला आता बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बाहेरून बघणाऱ्याला तो कारभाराचा बदल वाटेल, पण आत्याच्या दृष्टीने तिच्या नोकरीतली सर्वांत मोठी घटना तीच. आता निवड चाचणी एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने धुळ्याला नाहीतर जळगावलाच; सकाळी निघालेली मुलगी दिवेलागणीला घरी. पुण्याला न जाऊ शकलेल्या कितीतरी मुली तिथे उतरल्या. धुळ्याच्या पोरी कडेला उभ्या राहून "पय वं, पय!", म्हणजे पळ गं पळ, म्हणून ओरडायच्या, ते आत्या अजून आवाज काढून दाखवते. बाहेरच्या स्पर्धांत संघ बहुतेकदा लवकर हरून परत यायचा. त्याचं तिला वाईट वाटायचं आणि ते ती लपवत नसे.

समिटने १,०९८ सामने जिंकले, आठ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, हे मी सांगत होतो. आत्याने मधेच विचारलं, "तिच्या पोरींतल्या पदवीधर किती झाल्या?"

पूर्ण मुदत खेळलेल्या सगळ्या, मी म्हणालो.

ती सरसावून बसली आणि तिच्या एका पॉइंट गार्डची हकीकत सांगू लागली. दुसऱ्या वर्षाला मुलीचं लग्न झालं, खेळ सुटला, कॉलेजही सुटायच्या बेतात होतं. आत्या परीक्षेचा फॉर्म घेऊन तिच्या सासरी गेली. खेळाचं अवाक्षर काढलं नाही, कापसाच्या भावावर बोलली, चहा घेतला, आणि निघता निघता सासऱ्यांपुढे फॉर्म ठेवला. सही झाली नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. मुलीने तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली, नंतर बीपीएड केलं, आणि आज ती शाळेत खेळ शिकवते. शाळेला बास्केटबॉलचं कोर्ट नाही, म्हणून तिने मुलींचा खो-खोचा संघ उभा केला आहे.