तार कुठे टेकवायची? पेसमेकरच्या इतिहासातला मागे पडलेला प्रश्न

पेसमेकरचा इतिहास सांगताना आपण बहुधा यंत्राचाच इतिहास सांगतो. ते पहिल्यांदा कधी बसवले, बॅटरी किती टिकली, आकार किती घटला, वगैरे. आजचा धागा त्या यंत्रातून निघणाऱ्या तारेविषयी आहे. ती हृदयाच्या नेमक्या कोणत्या जागी टेकवावी, या प्रश्नाकडे वैद्यकाने कितीतरी उशिरा लक्ष दिले आणि त्या उशिराची किंमत रुग्णांनी मोजली.

कथेची दोन टोके स्वीडनमध्ये आहेत. ऑक्टोबर १९५३ मध्ये लुंड येथे इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी श्राव्यातीत ध्वनीने धडधडत्या हृदयाची हालचाल टिपली. उपकरण होते माल्मोच्या जहाजकारखान्यातून उसने आणलेले, धातूमधील भेगा शोधण्याचे! आपण ज्याला 'इको' म्हणतो, त्याचा हा आरंभ. पुढे पाचच वर्षांत, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोममध्ये सेनिंग आणि एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन मात्र पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत २००१ पर्यंत जगले. ही दोन तंत्रे एकाच देशात जन्मली, पण तारेची जागा ठरवण्यासाठी ती खऱ्या अर्थाने एकत्र यायला अर्धे शतक जावे लागले.

कारण साधे होते. १९५८ मध्येच न्यूयॉर्कला सेमूर फर्मन यांनी छाती न उघडता शिरेतून तार आत सरकवून दाखवली. शिरेतून गेलेली तार उजव्या निलयाच्या, म्हणजे खालच्या उजव्या कप्प्याच्या, टोकाशी सहज पोहोचते आणि तिथे घट्ट बसते. तीच जागा रूढ झाली. सोयीने ठरलेली जागा पुढे शास्त्र म्हणून शिकवली गेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार नवा नाही.

वास्तविक हृदयाला स्वतःच्या वाहिन्या आहेत. १८९३ मध्ये विल्हेल्म हिस यांनी वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा तंतूंचा जुडगा वर्णिला. १९०६ मध्ये सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने मारबुर्गमध्ये त्याच्या शाखांचे संपूर्ण जाळे मांडले. नगरकरांना हे निजामशाहीतील खापरी नळांवरून चटकन उमजेल. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहराच्या वेगवेगळ्या भागांत आणि बागांत पोहोचे. तेच पाणी एका कोपऱ्यात नुसते ओतून दिले, तर ते जमिनीतून झिरपत सावकाश पसरेल. उजव्या टोकाशी दिलेला विद्युतसंदेश असाच स्नायूतून झिरपत जातो. डाव्या निलयाची बाहेरची भिंत उशिरा आकुंचन पावते आणि दोन भिंतींचा ताल जुळत नाही. निरोगी हृदय हे पुष्कळदा सोसते. दुबळे हृदय सोसत नाही, हे २००२ मध्ये ५०६ रुग्णांवरील 'डेव्हिड' चाचणीने दाखवले: उजव्या बाजूने वारंवार ठोके दिलेल्या गटात मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती होणे वाढले.

त्याआधीच, १९९४ मध्ये, फ्रान्समध्ये कॅझो आणि सहकाऱ्यांनी एका ५४ वर्षांच्या अत्यवस्थ रुग्णाच्या चारही कप्प्यांना एकत्रित संदेश दिला होता. सहा आठवड्यांत सूज उतरून त्याचे वजन १७ किलोने घटले. यातूनच 'सीआरटी' हा उपचार घडला. यात जादा तार हृदयामागच्या शिरेतून डाव्या निलयावर नेतात. तरीही सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना अपेक्षित लाभ होईना.

इथे इको परत येतो. केंब्रिजमधील 'टार्गेट' चाचणीत (२०१२) २२० रुग्ण होते. प्रत्येकाच्या इकोतील ठिपक्यांचा माग काढून दोन गोष्टी पाहिल्या गेल्या: भिंतीचा कोणता भाग सर्वांत उशिरा आकसतो आणि कोणत्या भागात मृत स्नायूचा व्रण आहे. एका गटात तार उशिरा आकसणाऱ्या, पण जिवंत भागाकडे नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटातील ७० टक्के रुग्णांचे हृदय आकाराने सावरले, नेहमीच्या पद्धतीत ५५ टक्के. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या 'स्टार्टर' चाचणीचा कौलही याच दिशेचा होता. अडचण अशी, की नकाशात जागा दिसली तरी तिथवर शीर असेलच असे नाही. रस्ता नसेल तर गाव ठाऊक असून काय उपयोग?

म्हणूनच प्रमोद देशमुख यांचे काम मला या कथेतला सर्वांत धाडसी टप्पा वाटते. पेनसिल्व्हेनियातील सेअर या छोट्या गावी त्यांनी तार थेट हिसच्या जुडग्यातच रोवली. म्हणजे नवा पाट न काढता मूळ नळातच पाणी सोडले. त्यांचा नकाशा विजेचा होता: तारेच्या टोकाने मिलिमीटरभर सरकत हिसचा क्षीण संकेत शोधायचा. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १८ रुग्ण तपासलेले आहेत आणि १२ जणांत ही तार कायमची बसली. डाव्या निलयातून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण सरासरी २० वरून ३१ टक्क्यांवर गेले. रुग्णसंख्या लहान, तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि काम कमालीचे किचकट. त्यामुळे बरीच वर्षे मोजकेच लोक या वाटेने गेले. २०१७ मध्ये चीनच्या वेनझोऊ येथील हुआंग वेजियान यांनी पडद्यातून तार खोल नेऊन डावी शाखा गाठली. ते तुलनेने सोपे ठरले, आणि मग ही पद्धत भारतासह सर्वत्र पसरली.

आपल्याकडे यात पैशाचाही प्रश्न आहे. सीआरटीचे यंत्र महाग आणि त्याला बहुधा तीन तारा लागतात. शाखेपर्यंत पोहोचता आले, तर अनेकदा साध्या पेसमेकरवर भागते. उपचारासाठी जमीन गहाण टाकणाऱ्या घरात हा फरक मोठा असतो. मात्र दोन्ही पद्धतींची दीर्घकाळ तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांचे काम अजून चालू आहे.