झाडीपट्टीचे नाटक : गावाने गावासाठी उभारलेला रंगमंच

मराठी रंगभूमीचा विषय निघाला की सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सादर केलेल्या 'सीता स्वयंवर'पासून सुरुवात होते आणि चर्चा मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांपाशी येऊन थांबते. परंतु याच मराठीची एक मोठी रंगभूमी पूर्व विदर्भात, धानाच्या कापलेल्या बांध्यांमध्ये दरवर्षी नव्याने उभी राहते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील हा जंगलव्याप्त प्रदेश 'झाडीपट्टी' या नावाने ओळखला जातो. येथील गावांत वर्षातून एकदा रात्रभर चालणारे नाटक होते आणि त्यासाठी हजारो प्रेक्षक तिकीट काढून येतात. शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या या परंपरेचा पाया हौशी कलावंतांनी घातला. तिचे आजचे स्वरूप समजून घ्यायचे, तर हे नाटक गाव कसे उभे करते, हे आधी पाहावे लागते.

पिकाने ठरवलेला हंगाम

झाडीपट्टीच्या नाटकाचे वेळापत्रक धानाच्या पिकाने ठरवले आहे. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि त्यानंतर मळणी असा येथील शेतीचा क्रम असतो. सिंचनाची सोय नसलेल्या भागात धान घरी आले की शेतीची बरीच कामे आटोपतात. शेत मोकळे, हातात थोडा पैसा आणि रात्री मोठ्या, अशा या काळात नाटकाचा हंगाम सुरू होतो आणि तो साधारणतः होळीपर्यंत चालतो. विदर्भाच्याच पश्चिम भागात असे मोकळे महिने सहसा मिळत नाहीत. वाशीम जिल्ह्यातील रिठदच्या परिसरासारख्या वऱ्हाडातील भागांत सोयाबीन निघाले तरी तूर आणि कापूस शेतात उभा असतो आणि हिवाळाभर शेतकऱ्याचा पाय शेतातून निघत नाही. एकाच विदर्भात नाट्यहंगामाची अशी परंपरा पूर्वेकडे का रुजली, याचे एक उत्तर पिकांच्या या फरकात सापडते.

भाऊबीजेपासून गावोगावी 'मंडई' भरते. पुढे बैलांच्या शर्यतींचे, म्हणजे शंकरपटाचे दिवस येतात. दिवसा मंडई किंवा पट आणि रात्री नाटक, अशी जोडी येथे पूर्वापार जुळलेली आहे. या निमित्ताने लेकी माहेरी येतात, दूरचे पाहुणे मुक्कामाला असतात आणि अनेक सोयरिकींची बोलणीही याच दिवसांत होतात. 'आमच्या गावी नाटक आहे' हे निमंत्रण झाडीपट्टीत लग्नाच्या निमंत्रणाइतकेच मानाचे समजले जाते.

दंडारीपासून नाटकापर्यंत

या नाटकाची मुळे 'दंडार' आणि 'खडी गंमत' या लोककलांत आहेत. गावाच्या चौकात, मोकळ्या जागेवर पुरुष कलावंतच स्त्रीवेश घेऊन नाच, गाणे आणि विनोदी संवाद सादर करीत. कथानक पौराणिक असले तरी बोलणे गावातले असे आणि प्रेक्षकांतून आलेल्या टोमण्याला तिथल्या तिथे उत्तर मिळे. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या लोककलांचा सविस्तर अभ्यास केला आहे. पुढे संगीत नाटकांचा प्रभाव पडला, पडदे आले, लिखित संहिता आली आणि गावोगावच्या तरुणांनी आपापली नाट्यमंडळे स्थापन केली. दंडारीतील गाणे, विनोद आणि प्रेक्षकांशी होणारा थेट संवाद मात्र नाटकातही टिकून राहिला.

नाटक उभे राहते कसे?

गावातील मंडळाचे काम प्रयोगाच्या कितीतरी आधी सुरू होते. बैठकीत संहिता निवडली जाते, वर्गणी ठरते आणि भूमिकांचे वाटप होते. नायक कोणी व्हायचे यावरून रुसवे-फुगवेही होतात. दिवसभर शेतावर राबलेली मंडळी रात्री समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत तालमीला जमतात. वाचता न येणाऱ्या नटाला दुसरा कोणी संवाद पाठ करून देतो. पेटी आणि तबला वाजवणारे गावातच मिळाले तर उत्तम, अन्यथा शेजारच्या गावातून बोलवावे लागतात. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. नंतर त्यासाठी नागपूरहून अभिनेत्री येऊ लागल्या.

रंगमंचाची रचनाही येथील गरजेतून घडली आहे. मोकळ्या शेतात प्रेक्षकांच्या बाजूची जमीन खोदून तिला उतार दिला जातो आणि निघालेल्या मातीचा उंचवटा करून त्यावर रंगमंच उभारला जातो. त्यामुळे मागे बसलेल्यालाही पुढचे स्पष्ट दिसते. भोवती कनाती, वर मंडप आणि रंगमंचावर महाल, जंगल, घर, रस्ता असे रंगवलेले पडदे असतात. नाट्यगृह नसलेल्या गावाने श्रमदानातून शोधलेला हा उपाय आहे.

प्रयोग रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. प्रारंभी उद्घाटनाचा सोहळा असतो. जाहिरातीच्या पत्रकावर कलावंतांबरोबरच उद्घाटक, सहउद्घाटक आणि अध्यक्ष यांच्या नावांची भली मोठी यादी छापलेली असते. वर्गणीच्या हिशेबात या यादीचे महत्त्व मोठे आहे. कथानके बहुधा कौटुंबिक आणि सामाजिक असतात. दारू, हुंडा, अंधश्रद्धा, शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांसारख्या विषयांवरील नाटकांना प्रेक्षक रडतात, चिडतात, खलनायकाला उघड शिव्या देतात. एखादे गाणे आवडले तर बक्षीस दिले जाते आणि देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते. नाट्यगृहातील शिस्तबद्ध शांततेची सवय असलेल्या शहरी प्रेक्षकाला हा गोंगाट वाटेल. झाडीपट्टीतील नटासाठी मात्र तीच खरी पावती असते.

हौसेकडून व्यवसायाकडे

गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज म्हणजेच वडसा हे रेल्वेमार्गावरील गाव या रंगभूमीची बाजारपेठ बनले. येथे नाट्यकंपन्यांची कार्यालये थाटली गेली. गावचे मंडळ वडशाला येते, नाटक आणि तारीख ठरवते, इसार देते आणि ठरलेल्या रात्री कंपनी नट, वादक, पडदे आणि प्रकाशयोजनेसह गावात दाखल होते. कलावंतांना दर रात्रीप्रमाणे मानधन मिळते. हंगामात ही मंडळी रोज नव्या गावी प्रयोग करतात.

या बदलाने अनेकांना रोजगार दिला आणि कलावंतांना ओळख मिळवून दिली. ५ हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका केलेले गडचिरोलीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली 'पद्मश्री' जाहीर झाली. झाडीपट्टीच्या वाट्याला आलेला हा मोठा राष्ट्रीय सन्मान होता. मात्र याच बदलामुळे गावच्या मंडळाचे काम पालटले. ज्या मंडळाने पूर्वी नाटक बसवले, ते आता नाटक ठरवून आणते. वर्गणी, मंडप, तिकीटविक्री आणि बंदोबस्त ही कामे गावाकडे उरली, तर तालीम आणि अभिनय कंपनीकडे गेला. तिकिटांचा खप वाढवण्यासाठी नाटकात लावणी आणि चित्रपटगीतांवरील नृत्यांचा भरणा वाढला, अशी तक्रार जुने कलावंत सातत्याने करतात.

कायदा आणि संकटे

हौशी असो वा व्यावसायिक, प्रयोगाला कायदेशीर पूर्तता चुकत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. खरी अडचण आवाजाची आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही मुभा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. नियमांतील सूट बंदिस्त सभागृहांना आहे आणि झाडीपट्टीच्या गावांकडे नेमके तेच नाही. त्यामुळे रात्री दहाला सुरू होणारे नाटक नियमाच्या चौकटीत बसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पटाच्या गर्दीवर विसंबून असलेल्या नाटकांनाही फटका बसला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. दरम्यान २०२०-२१ चा हंगाम करोनाच्या सावटाखाली गेला आणि अनेक कलावंतांना मजुरीकडे वळावे लागले.

राखायचे काय?

व्यावसायिकता नाकारून ही रंगभूमी टिकणार नाही, हे उघड आहे. प्रश्न आहे तो पुढच्या नटांचा. झाडीपट्टीला प्रशिक्षण देणारी मोठी संस्था लाभली नव्हती. येथील नट, गायक, वादक आणि लेखक घडले ते गावच्या तालमीत. तेथेच शेतमजुराचा मुलगा राजाची भूमिका करी आणि गावाचा पाटील त्याच्यापुढे मान तुकवणारा प्रधान होई. ही तालीम बंद पडली, तर कंपन्यांना कलावंत मिळण्याचा मूळ झराच आटेल.

यावर तोडगा अवघड नाही. ज्या गावांत आजही स्थानिक मंडळ स्वतः नाटक बसवते, तेथे खर्च कमी आणि गर्दी गावापुरती असते, पण तरुणांना रंगमंच मिळतो. हंगामात कंपनीचे एक नाटक आणि गावकऱ्यांचे एक नाटक, अशी सांगड अन्य गावांनाही घालता येईल. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा शहरांतील केंद्रांवर होते. तिचे परीक्षक गावच्या मंडपापर्यंत पोहोचले, तर या हौशी मंडळांना बळ मिळेल. तिकीट काढून नाटक पाहणारी गावे झाडीपट्टीत भरपूर आहेत. नाटक करणारी गावे किती उरतात, यावर या रंगभूमीचे भवितव्य अवलंबून राहणार आहे.