भावना कुणाच्या?
स्वातंत्र्याला मर्यादा असतेच. ती आखतो कोण, हा प्रश्न आहे. अस्पृश्याने घर गावकुसाबाहेरच बांधायचे, हा रूढीचा बांधकाम-नियम. १९२७ साली धर्मभावना दुखावण्याविरुद्ध २९५-अ कलम आले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला नांदगाव पेठेजवळच्या अमरावतीत, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली, अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली. दाराबाहेर ठेवलेल्यांच्या भावनांना कलम नव्हते!

१९८७ मध्ये शासनाने बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापले. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीतच मराठा महामंडळाच्या सभेत ते जाळले गेले. महाडला मनुस्मृती जळाली ती माणसाला बंदी घालणारी म्हणून. इथे जळाले ते प्रश्न विचारणारे पुस्तक. ५ फेब्रुवारीला मुंबईत दलितांचा विराट मोर्चा निघाला. राम-कृष्णावरील परिशिष्ट राहिले. मात्र शासन त्या मतांशी सहमत नाही, अशी तळटीप घालून.