ठणका, कळ आणि मुंग्या

अहमदनगरजवळच्या (आजचे अहिल्यानगर) मेहेराबाद-मेहेराझादचा इतिहास आम्ही चाळला तो श्रद्धेपोटी नव्हे, तर एका प्रश्नापायी. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले. १९५४ मध्ये अक्षरफलकही सोडला. पुढे २ डिसेंबर १९५६ रोजी साताऱ्याजवळच्या मोटार अपघातात त्यांच्या खुब्याला गंभीर इजा झाली आणि ते दुखणे ३१ जानेवारी १९६९ पर्यंत, म्हणजे देहावसानापर्यंत, सोबत राहिले. वाणी आणि अक्षर दोन्ही सोडलेल्या माणसाचे दुखणे भोवतालच्यांनी जाणायचे कसे? उरले होते हातवारे आणि चेहरा.

त्याच सुमारास पाश्चात्त्य वैद्यकही वेदनेचा नव्याने विचार करीत होते. मज्जारज्जूत जणू एक दार असते, इतर संवेदनांनी ते वेदनेपुरते लोटून घेता येते, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. त्याच्या आधारे नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत एका कर्करुग्णाच्या मज्जारज्जूवर विद्युत्‌अग्र बसवले. विजेची मात्रा मात्र रुग्णाला विचारूनच जुळवावी लागे. प्रवाहाची तीव्रता, स्पंदाची लांबी, वारंवारता बदलत जायचे आणि विचारायचे : मुंग्या कुठे येतात? दुखणाऱ्या जागी आल्या तर ठीक. बरगडीत आल्या तर अग्र बदला. एवढ्या सूक्ष्म यंत्राची किल्ली अखेर रुग्णाच्या शब्दसंग्रहात होती!

मेलझॅक यांनी १९७५ च्या आपल्या प्रश्नावलीत वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावले, ते अर्थात इंग्रजी. आमच्याकडे कळ येते आणि जाते, ठणका मुक्काम करतो, सणक धावते, रग भरते, जखम चुरचुरते, गळू ठुसठुसते. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. या सर्वांवर ‘दुखते’ एवढेच लिहिणारा केसपेपर आम्हांला भाषेच्या विद्यार्थ्याने तरी निमूट स्वीकारू नये असे वाटते.

२०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दहा हजार हर्ट्‌झच्या उपकरणाने मुंग्यांची गरजच संपवली. २०२२ मध्ये मान्य झालेले एक उपकरण तर मज्जारज्जूचा विद्युत्‌प्रतिसाद स्वतः मोजून मात्रा आपणच सावरते. पण असे उपकरण कायमचे बसवण्याआधी काही दिवस चाचणी घेतात, आणि तिचा निकाल ठरतो तो मुख्यतः दुखणे निम्म्याने तरी उतरले की नाही, या प्रश्नाला रुग्ण काय उत्तर देतो त्यावरून.